कार्बोरेटर बदलायच्या आधी पेट्रोल कुठे अडतंय ते बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की ११० सीसीची कार्बोरेटरवाली गिअरलेस स्कूटर, सकाळी सेल्फ मारून मारून बॅटरी बसते, मग पंधरा-वीस किका मारल्यावर एकदाची सुरू होते, सुरू झाली की छान चालते, पण आठ-दहा किलोमीटर सलग पळवली की पिकअप पडतो, झटके देते आणि बंद पडते. पाच-दहा मिनिटं थांबून चार किका मारल्या की परत सुरू. कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा पार्ट) दोनदा साफ करून झाला, प्लग नवीन, एअर फिल्टर नवीन, आणि आता गॅरेजवाला म्हणतोय कार्बोरेटरच नवीन टाका.

तर पहिलं सांगणं हे की तो कार्बोरेटर आत्ता घेऊ नका. जो पार्ट दोनदा उघडून साफ केला आणि दोन्ही वेळा गाडीत तिळमात्र फरक पडला नाही, त्या पार्टवरचा संशय कमी व्हायला पाहिजे, वाढायला नको. माझं आयुष्य ह्याच गाड्या खोलण्यात गेलंय आणि नवीन कार्बोरेटर टाकूनही तीच तक्रार घेऊन आलेल्या गाड्या मी भरपूर बघितल्यात. बहुतेक वेळा दोष कार्बोरेटरच्या आधीच असतो, पेट्रोल तिथपर्यंत नीट पोचतच नसतं.

तुम्ही दोन तक्रारी सांगितल्यात, सकाळी उशिरा स्टार्ट होणं आणि पळता पळता बंद पडणं. बहुतेक लोक ह्या वेगवेगळ्या धरतात, सकाळसाठी चोक बघतात आणि बंद पडण्यासाठी प्लगला करंट देणारी कॉइल बदलतात. मी आधी असा एकच दोष शोधतो ज्याने दोन्ही गोष्टी होऊ शकतात, तो नाहीच सापडला तर मग दोन वेगळे धरायचे. आणि तुमच्या केसमध्ये तसा एक उमेदवार आहे, व्हॅक्यूमवर म्हणजे इंजिनाच्या हवा ओढण्याच्या जोरावर चालणारा पेट्रोल कॉक.

जुन्या गाड्यांना हाताने फिरवायचा ऑन-ऑफ-रिझर्व्हचा कॉक असायचा. नंतरच्या बऱ्याच कार्बोरेटर स्कूटरला तो नसतो, टाकीच्या खाली एक छोटा ऑटोमॅटिक कॉक असतो, त्याच्या आत रबराचा पातळ पडदा म्हणजे डायफ्राम आणि एक स्प्रिंग. इंजिन बंद असताना स्प्रिंग पेट्रोलची वाट बंद करून ठेवते. इंजिन फिरायला लागलं की मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे कार्बोरेटर आणि इंजिन जोडणाऱ्या नळीत, व्हॅक्यूम तयार होतो, एका बारीक पाइपने तो कॉकपर्यंत येतो, डायफ्राम ओढला जातो आणि पेट्रोल सुटतं. (काही स्कूटरची टाकी कार्बोरेटरच्या खाली असते, तिथे कॉकच्या जागी व्हॅक्यूमवर चालणारा पंप असतो, पण त्याचंही दुखणं साधारण हेच.) म्हणजे कॉकला दोन पाइप, एक जाडसर पेट्रोलचा आणि एक बारीक व्हॅक्यूमचा, आणि कार्बोरेटर साफ करताना ह्या बारीक पाइपकडे कोणाचं लक्ष जात नाही.

आता बघा, रबर जुनं झालं की डायफ्राम कडक होतो नाहीतर त्याला बारीक चीर जाते, किंवा व्हॅक्यूमचा पाइप टोकाला तडकतो आणि तिथून हवा ओढली जाते. रात्री गाडी लावली की गरम इंजिनाच्या धगीने फ्लोट चेंबरमधलं, म्हणजे कार्बोरेटरच्या खालच्या वाटीतलं, थोडं पेट्रोल उडून जातं, लेव्हल खाली येते. सकाळी तुम्ही सेल्फ मारता तेव्हा इंजिन हळू फिरतं, व्हॅक्यूम आधीच कमी, त्यात तो चिरेतून अर्धा निसटतो, कॉक उघडतो न उघडतो, आणि चेंबर भरायला पंधरा-वीस किका लागतात. एकदा चालू झाली की आयडलिंगला, म्हणजे मूठ सोडून गाडी जागेवर चालू असताना, व्हॅक्यूम भरपूर असतो म्हणून सगळं ठीक वाटतं. पण रस्त्यावर जास्त थ्रॉटल देऊन पळवलं की मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूम पडतो, हे प्रत्येक इंजिनात होतं, आणि दुबळा कॉक नेमका तेव्हा अर्धवट मिटतो जेव्हा इंजिनाला पेट्रोल सगळ्यात जास्त लागत असतं. मग चेंबरची लेव्हल हळूहळू खाली, झटके, बंद.

हळूहळू हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. गाडी लिटरला ५० किलोमीटर देत असेल तर एका किलोमीटरला २० मिली पेट्रोल लागतं, आणि फ्लोट चेंबरमध्ये मावतं फार तर काही चमचे. म्हणजे पेट्रोल पूर्ण अडलं असतं तर गाडी एक-दोन किलोमीटरच्या आत मेली असती. तुमची आठ-दहा जाते, म्हणजे पेट्रोल येतंय पण खर्चाच्या मानाने थोडं कमी येतंय. किंवा पेट्रोल बरोबर येतंय आणि इंजिन तापल्यावर दुसरंच काहीतरी बिघडतंय. ह्या दोघांतलं कुठलं, ते ठरवायला एक पार्ट विकत घ्यावा लागत नाही.

फ्लोट चेंबरच्या तळाशी एक ड्रेन स्क्रू असतो आणि तिथूनच एक पाइप खाली जमिनीकडे गेलेला असतो. पुढच्या वेळी गाडी बंद पडली की लगेच किका मारत सुटू नका. बाजूला घ्या, चावी काढा, सायलेन्सर थोडा निवू द्या, त्या पाइपखाली छोटी पारदर्शक बाटली धरा आणि स्क्रू दोनेक फेरे ढिला करा, पूर्ण काढायची गरज नाही. चांगली सलग धार आली, दोन-तीन चमचे निघाले, तर चेंबर भरलेलं होतं, पेट्रोलवरचा संशय जवळपास मिटला, मग करंट (प्लगची ठिणगी) आणि टॅपेट (वॉल्व्ह उघडणाऱ्या भागातला गॅप) ह्यांच्याकडे बघायचं. चार थेंब पडून थांबलं तर गाडी पेट्रोलअभावीच बंद पडली, त्यात शंका नको. हीच टेस्ट सकाळी पहिली किक मारायच्या आधी एकदा करा. मी तर तुमच्यासारखी गाडी आली की आधी हा स्क्रू ढिला करतो, बाकीचं नंतर.

हे करताना एक काळजी घ्याच, ह्यात हयगय नको. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरते आणि लांबच्या ठिणगीने सुद्धा पेट घेते. तेव्हा मोकळ्या हवेत करायचं, आसपास सिगरेट-काडी नको, सांडलेलं पुसून वाळू द्यायचं आणि मगच सेल्फ मारायचा. बंद पार्किंगमध्ये करू नका.

ड्रेनमधून काढलेलं पेट्रोल लगेच फेकू नका, दहा मिनिटं बाटली स्थिर ठेवून उजेडात बघा. तळाला वेगळा थर किंवा मण्यासारखे गोल थेंब लोळताना दिसले तर ते पाणी. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल थोडं पाणी स्वतःत विरघळवून घेतं, पण मर्यादा ओलांडली की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाला वेगळं बसतं, आणि कॉक टाकीच्या तळाशीच असल्यामुळे इंजिनाला पहिला घोट त्याचाच मिळतो. पाणी दिसलं तर टाकी पूर्ण रिकामी करून कोरडी करायची, वरून नवीन पेट्रोल ओतून ते जात नाही. तांबूस गाळ दिसला तर टाकीत गंज धरलाय आणि कॉकच्या तोंडाची जाळी चोंदलेली असणार. आणि गाडी महिनोन्‌महिने उभी असेल तर पेट्रोलमधला पटकन पेटणारा हलका भाग उडून गेलेला असतो, वासच बदलतो, जुन्या वॉर्निशसारखा येतो. तसल्या पेट्रोलवर थंड इंजिन सुरू होण्याची अपेक्षा ठेवू नका.

आता कॉक. पेट्रोलचा पाइप कार्बोरेटरच्या बाजूने काढून बाटलीत सोडा. इंजिन बंद आहे तर एक थेंबही यायला नको. येत असेल तर कॉक मिटत नाहीये. मग मॅनिफोल्डवरचा बारीक व्हॅक्यूम पाइप काढा आणि त्याच्या टोकाला मोठी सिरिंज लावून दट्ट्या मागे ओढा. कॉक चांगला असेल तर टक्क असा हलका आवाज येतो, पेट्रोल सलग धारेने बाटलीत पडायला लागतं, आणि दट्ट्या धरून ठेवला तर धार चालूच राहते. धार बारीक होत होत थांबली, किंवा सिरिंज ओढताना जोरच लागत नाही, नुसती हवा येते, तर पाइप तडकलाय नाहीतर डायफ्राम गेलाय. पाइप काढून सिरिंज थेट कॉकच्या नळीला लावली की दोघांतलं कोण ते कळतं. तोंडाने ओढू नका, कारण डायफ्राम फाटला असेल तर त्याच पाइपातून पेट्रोल तोंडात येईल. हो, आणि सिरिंजमध्ये पेट्रोल आलं तर पुढे काही तपासायलाच नको, डायफ्राम फाटलाय, कॉक बदला. फाटलेल्या डायफ्राममधून पेट्रोल व्हॅक्यूम पाइपने थेट मॅनिफोल्डमध्ये जातं, गाडी ओव्हर होते म्हणजे इंजिनात जादा पेट्रोल साचतं, प्लग काळा-ओला होतो, आणि सगळे कार्बोरेटरच्या फ्लोटला दोष देत बसतात.

धार मात्र जन्मजात बारीक असेल, म्हणजे सिरिंजला जोर व्यवस्थित लागतोय पण पेट्रोलच कमी पडतंय, तर टाकीचं झाकण उघडून परत बघा. झाकण उघडल्यावर धार वाढली तर दोष झाकणात आहे. टाकीतून पेट्रोल बाहेर गेलं की तेवढी हवा आत यावी लागते, त्यासाठी झाकणाला बारीक वाट ठेवलेली असते, ती धूळ-चिखलाने किंवा गाडी धुताना गेलेल्या घाणीने बंद होते. मग बाटली एकदम उलटी केल्यावर पाणी जसं अडखळत पडतं तसं होतं. ह्याची एक खूण लक्षात ठेवा, टाकी फुल असताना गाडी लवकर बंद पडते आणि टाकी अर्धी असताना जास्त लांब जाते, कारण फुल टाकीत वर हवेला जागाच कमी असते, तिथला दाब भराभर उतरतो. बंद पडल्यावर झाकण उघडताना सुस्स करून हवा आत गेली तर जवळपास पक्कं.

तुम्ही लिहिलंय की थांबल्यावर चालू होते, त्यामुळे गॅरेजवाल्याने ‘गाडी तापते’ असं निदान केलं. नुसतं थांबल्यावर चालू होणं हा तापण्याचा पुरावा नाही. झाकण चोंदलं असेल तर थांबल्यावर हवा हळूहळू आत झिरपते म्हणून चालू होते. कॉक दुबळा असेल तर थांबण्याचा तसा काही उपयोग नसतो, कारण इंजिन बंद म्हणजे कॉक बंद, चेंबर आपोआप भरत नाही, गाडी चालू होते ती तुम्ही थ्रॉटल सोडून मारलेल्या चार किकांनी, त्या वेळी व्हॅक्यूम बरा मिळतो आणि थोडं पेट्रोल उतरतं. आणि कॉइल, पिकअप कॉइल किंवा सीडीआय (ठिणगी कधी द्यायची ते ठरवणारा इलेक्ट्रॉनिक डबा) तापून करंट सोडत असेल तर खरंच निवेपर्यंत काही केल्या चालू होत नाही. म्हणून एकदा न थांबता लगेच, थ्रॉटल पूर्ण बंद ठेवून, चार-पाच सेकंदांचे दोन-तीन सेल्फ मारून बघा. तेवढ्यात चालू झाली तर तापण्याचा विषय सोडून द्या.

सकाळच्या स्टार्टिंगसाठी पण अशीच एक परीक्षा आहे. पहिली किक मारायच्या आधी व्हॅक्यूम पाइपला सिरिंज लावून कॉक उघडा, अर्धा मिनिट धरून ठेवा म्हणजे चेंबर भरेल, पाइप परत जागेवर लावा आणि मग स्टार्ट करा. एक-दोन किकांत सुरू झाली तर सकाळचा त्रास पेट्रोल उशिरा पोचण्याचाच आहे. गाडी एक रात्र उभी राहिल्यावर थोड्या किका आणि दोन दिवस उभी राहिल्यावर दुप्पट किका लागत असतील तर तेही त्याच बाजूला बोट दाखवतं. आणि चेंबर भरलेलं असूनही दहा किका लागल्या तर मग चोकवर या.

ऑटो चोकबद्दल गैरसमज भरपूर आहेत. कार्बोरेटरच्या बाजूला काळ्या टोपीचा, दोन वायरींचा एक पार्ट असतो तो हा. आत मेण असतं आणि ते तापवणारं छोटं हीटर. थंड असताना त्याची सुई मागे असते आणि जादा पेट्रोलची वाट उघडी असते, गाडी चालू झाली की करंट मिळून मेण फुगतं, सुई पुढे सरकते आणि काही मिनिटांत ती वाट बंद होते. थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, आणि पेटते ती वाफ, म्हणून सुरुवातीला जादा पेट्रोल ओतावं लागतं. तपासायचं असेल तर तो काढा, थंड असताना सुई किती बाहेर आहे ते मोजा, मग १२ व्होल्टच्या बॅटरीला जोडून पाच मिनिटं ठेवा. पार्ट हाताला गरम लागला पाहिजे आणि सुई स्पष्ट दिसेल इतकी, काही मिलिमीटर, पुढे आली पाहिजे. थंड असतानाच सुई पुढे आलेली असेल तर सकाळी चोक मिळतच नाही. आणि सुई हलतच नसेल किंवा वायरच निघालेली असेल तर चोक कायम उघडा, गाडी सकाळी पटकन सुरू होईल पण दिवसभर जास्त पेट्रोल पिईल, प्लग काळा पडेल आणि गरम असताना स्टार्टिंगला त्रास देईल. तुमची तक्रार ह्याच्या उलट आहे.

आणखी एक, हा चोक असलेल्या गाडीला सकाळी स्टार्ट करताना थ्रॉटल देऊ नका. बरेच जण किक मारता मारता मूठ पिळत राहतात. चोकची वाट व्हॅक्यूमने पेट्रोल ओढते, थ्रॉटल उघडला की व्हॅक्यूम पडला आणि चोक निकामी. मूठ सोडून किक मारायची. थ्रॉटल पूर्ण उघडून किक मारायची ती फक्त गाडी ओव्हर झाली असेल, प्लग ओला आणि पेट्रोलचा वास येत असेल, तेव्हा, आतलं जादा पेट्रोल हवेने बाहेर काढायला.

कार्बोरेटर साफ केला म्हणजे नेमकं काय केलं हेही एकदा विचारा. खालचं चेंबर उघडून पुसलं आणि वरून हवा मारली, ह्याला साफ करणं म्हणत नाहीत. आयडलिंग आणि स्टार्टिंग ज्याच्यावर अवलंबून आहे तो स्लो जेट, त्याचं भोक साधारण ०.३५ ते ०.४ मिलिमीटरचं असतं, आणि ते वाळलेल्या पेट्रोलच्या चिकट पापुद्र्याने बंद होतं. जेट काढून उजेडाकडे धरायचा, पलीकडचा उजेड पूर्ण गोल दिसला पाहिजे, अर्धचंद्र दिसला तर साफ झालेला नाही. कार्बोरेटर क्लीनर आणि हवेचा प्रेशर वापरायचा, पण तार घालायची नाही, पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की तो जेट गेला. मिक्स्चरचा स्क्रू काढायच्या आधी तो हलक्या हाताने आत बसवून किती फेरे झाले ते लिहून ठेवायचे, आणि त्याच्याखालचा छोटा ओ-रिंग हरवायचा नाही, तो हरवला की स्लो म्हणजे आयडलिंग कधीच नीट सेट होत नाही.

कार्बोरेटर दोनदा काढ-घाल झालाय म्हणून मॅनिफोल्ड पण बघून घ्या. तिथला रबर तडकला किंवा ओ-रिंग चिमटला तर बाहेरची हवा आत जाते, मिश्रण पातळ होतं, सकाळी स्टार्टिंगला त्रास आणि स्लोला गाडी आपोआप रेस घेते-सोडते. गाडी स्लोवर ठेवून सांध्यावर थोडा पाण्याचा फवारा मारा, आवाजात बदल झाला तर तिथून हवा जातेय. ह्यासाठी गरम इंजिनावर पेट्रोल किंवा क्लीनर मारू नका.

ड्रेन टेस्टमध्ये चेंबर भरलेलं निघालं तर करंटकडे वळा. एक जादा चांगला प्लग गाडीत ठेवा. बंद पडल्या पडल्या कॅपमध्ये तो जादा प्लग लावून त्याचं धातूचं अंग इंजिनाच्या उघड्या धातूला घट्ट टेकवा, आणि सेल्फ मारा. इंजिनातला प्लग तिथेच राहू द्या, भोक उघडं ठेवून करंट तपासू नका, आतून येणारी वाफ पेटते. प्लग नीट टेकलेला नसेल तर सीडीआयला धोका असतो. निळसर, टकटक आवाज करणारा करंट पाहिजे. पिवळट, अशक्त किंवा मध्येच गायब होणारा असेल तर आधी प्लगची कॅप आणि वायरीचं टोक बघा, टोक हिरवं पडलं असेल तर पाव इंच कापून कॅप परत फिरवून बसवा, कित्येकदा एवढ्यावर काम होतं. प्लगचा गॅप साधारण ०.७ ते ०.९ मिलिमीटरमध्ये असतो, तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघा. नवीन प्लग आहे म्हणजे तो चांगलाच आहे असं धरू नका.

टॅपेट हा विषय लोक विसरतात. टॅपेट टाइट झाले की वॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, कॉम्प्रेशन गळतं, किक हलकी लागते, आणि हे थंड गाडीत स्टार्टिंगला आणि तापल्यावर आणखी जास्त जाणवतं. टॅपेट टाइट असताना आवाज येत नाही, उलट गाडी गुळगुळीत चालल्यासारखी वाटते, म्हणून कोणाला शंका येत नाही. गॅप इंजिन पूर्ण थंड असतानाच मोजायचा, छोट्या स्कूटरला तो बहुधा ०.१० ते ०.२० मिलिमीटरच्या आत कुठेतरी असतो, आणि तो फिलर गेजनेच (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) मोजायचा, अंदाजाने नाही. तुमची किक हाताने दाबून बघा, एका जागी ठामपणे अडत असेल तर कॉम्प्रेशनची काळजी नको.

बॅटरीचं तुमचं दुखणं बहुतेक परिणाम आहे, कारण नाही, रोज एवढा सेल्फ मारल्यावर कुठलीही बसेल. तरी मल्टिमीटर लावून बघा, रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास पाहिजे, सेल्फ मारताना १० च्या खाली घसरायला नको, आणि गाडी चालू करून थोडी रेस दिल्यावर १४ च्या आसपास दिसलं पाहिजे. हे बघायचं कारण असं की काही गाड्यांचा सीडीआय बॅटरीवर चालतो, आणि सेल्फ हळू फिरला की व्हॅक्यूमही कमी, म्हणजे दुबळा कॉक आणखी दुबळा.

तुमच्या घरातली दुसरी स्कूटर फ्युएल इंजेक्शनची आहे असंही लिहिलंय, तिला ह्यातलं बरंच लागू नाही. तिच्यात व्हॅक्यूम कॉक नाही, टाकीत इलेक्ट्रिक पंप असतो, चावी ऑन केल्यावर दोन-तीन सेकंद त्याची घूं ऐकू आली पाहिजे आणि इंजिनाचा दिवा लागून विझला पाहिजे. घूं नाही तर आधी बॅटरी, फ्यूज, किल स्विच, साइड स्टँडचा स्विच बघा, आणि गाडी आडवी पडली होती का ते आठवा, पडल्यावर टिल्ट सेन्सर इंजिन बंद करतो, चावी ऑफ करून परत ऑन करावी लागते. बॅटरी पार मेली असेल तर तिला किक मारून फारसा उपयोग नाही, पंप आणि कंप्युटरला वीज लागते. टाकी तळाला जाईपर्यंत चालवायची सवय असेल तर ती सोडा, पंप पेट्रोलमध्येच थंड राहतो. दिवा चालूच राहिला किंवा लुकलुकत असेल तर त्याचे लांब-आखूड झटके मोजून मॅन्युअलमधला कोड बघा, अंदाजाने सेन्सर बदलू नका.

तर तुमच्या कार्बोरेटरवाल्या गाडीला मी ह्याच क्रमाने हात लावला असता: बंद पडल्यावर चेंबरचा ड्रेन, मग झाकण, मग सिरिंजने कॉक आणि त्याचा बारीक पाइप. माझा अंदाज पाइप किंवा कॉकचा आहे. कॉक बदलायचा झाला तर दोन्ही पाइप त्याच वेळी नवीन टाका, पेट्रोलला चालणारेच घ्या, साधा पारदर्शक पाइप काही महिन्यांत कडक होऊन टोकाला तडकतो. क्लिपा परत बसवा, पाइप कुठे दुमडत नाही ना ते सीटखालचा बॉक्स लावल्यावर पुन्हा एकदा बघा, कारण उघडं असताना सरळ दिसणारा पाइप बॉक्स बसवल्यावर चेपतो. पेट्रोलचा आणि व्हॅक्यूमचा पाइप अदलाबदल होऊ देऊ नका. आणि नवीन कॉक टाकल्यावर पहिल्यांदा दहा-बारा किका लागल्या तर घाबरू नका, चेंबर आणि पाइप पूर्ण रिकामे असतात, तेवढं भरायला वेळ लागतोच, खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी.